मागच्या खोलीतले चार इंच

"हे चार इंच आले कुठून?" मोजणीवाल्याने तिसऱ्यांदा विचारलं.

वहिनीने नवऱ्याकडे, थोरल्याकडे पाहिलं, थोरल्याने मधल्या बहिणीकडे, आणि ती मधली टेबलावरचा बिस्किटाचा चुरा बोटाने गोळा करत बसली. आई तेवढी मजेत होती. पंचाहत्तरीची बाई, पण नवं दुकान उघडायच्या आदल्या दिवशी तिच्या अंगात वारं भरायचं. आजही सकाळपासून ती केस नीट करत होती, चष्मा पुसत होती. लेकाच्या लग्नातसुद्धा ती एवढी नटली नव्हती, असं वहिनी मनात म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं.

दुपारचे साडेतीन वाजले होते. घरचं हे बेचाळिसावं कॉफीचं दुकान, परदेशातलं पहिलं, उद्या सकाळी सातला उघडायचं होतं. खुर्च्या अजून टेबलांवर उलट्या घातलेल्या होत्या. काउंटरवरचं प्लॅस्टिक निघायचं होतं. कॉफीचं यंत्र मधूनच वाफ सोडून आपण चालू असल्याचं कळवत होतं. काचेपलीकडून जाणारे लोक थबकून आत डोकवायचे आणि पुढे जायचे.

"परत सांगतो," मोजणीवाला म्हणाला. भागीदार कंपनीने मुद्दाम आपली भाषा येणारा माणूस पाठवला होता, आणि तो स्वभावाने गरीब होता. "तुमचं पहिलं दुकान मी स्वतः मोजलं. मागची खोली बरोबर नऊ फूट. तुमच्या मूळ नकाशात मात्र ती नऊ फूट चार इंच. पुढची सगळी दुकानं या नकाशावरून बांधलीत. म्हणजे पहिल्या दुकानात जे नाहीतच, ते चार इंच बाकी सगळीकडे आहेत."

"असू देत की," आई म्हणाली. "चार इंचांनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

"मॅडम, मागे चार इंच गेले की पुढचं एक टेबल जातं. आता अकरा देशांत दोनशे दुकानं व्हायचीत. दोनशे टेबलं गेली."

"जाऊ देत."

थोरल्याने कपाळावर हात मारून घेतला. दोन वर्षं तो विमानतळांवर झोपला होता. भागीदार कंपनीला त्याने एकट्याने पटवलं होतं. आणि आता साडेचारला त्यांचे साहेब करारावर सह्या घ्यायला येणार, तर घोडं अडलं होतं सामानाच्या खोलीपाशी.

"आई, नावाची पाटी बदलली तेव्हा तू हूं की चूं केलं नाहीस. बाबांच्या वेळची मोठी कपबशी गेली, 'जाऊ दे' म्हणालीस. साखर निम्म्यावर आणली, तरी गप्प. आणि आता या खोलीसाठी अडून बसलीस?"

"बसले."

"अगं, पण का?"

"नऊ फूट चार असेल तर सही करते. नाहीतर तुझं तू बघ." आईने बिस्कीट कॉफीत बुडवलं.

थोरल्याला तिचं हे कधीच कळलं नव्हतं. देशात आता जागा उरली नाही, बाहेर बघ, हे तिनेच त्याला सांगितलं होतं. त्या एका वाक्यावर त्याने केवढा डोलारा उभा केला होता! बाजारपेठेचे नकाशे, पाच वर्षांचा आराखडा, सभांमधून टाळ्या. आईला दुकानं हवीत, आणखी हवीत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण एकदा दुकान उघडलं की तिने तिथे पुन्हा पाऊल ठेवलं नव्हतं. पहिली दोन सोडली, तर बाकी एकोणचाळिसांपैकी एकातही नाही. म्हणायची, आता तिथे काय आहे?

"आणखी एक विचित्र गोष्ट आहे," मोजणीवाला खाली बघत म्हणाला. "इथली मागची खोली मी काल मोजली. यंत्र दाराशी ठेवलं, किरण समोरच्या भिंतीवर. आकडा आला आठ फूट दोन. मधे कुणी उभं असलं की असं होतं. खोली तर रिकामी होती. सहा वेळा मोजली, सहाही वेळा आठ फूट दोन."

"यंत्र बिघडलं असेल," वहिनी म्हणाली.

"दुसरं आणलं. त्यातही तेच."

आईने कप खाली ठेवला. ती हसली. वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. एकोणीस वर्षांत सासूबाईंना असं लाजल्यासारखं हसताना तिने पाहिलं नव्हतं. ऑफिसात नवऱ्याच्या बाजूने आणि घरात सासूच्या, असा तिचा आजवरचा हिशेब. त्यावर तिचा संसार सुरळीत चालला होता. आज मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवणं जमेना. ती नणंदेकडे सरकली आणि कुजबुजली, "वन्सं, नकाशा तुमचा ना? तुम्हीच म्हणा की चूक झाली होती. एका शब्दाचं काम आहे. सुटू सगळे."

मधलीने बिस्किटाचा चुरा बशीत झटकला.

"चूकच होती," ती मोठ्याने म्हणाली.

"कसली चूक?" आईचा आवाज चढला.

"मुठीची." मधलीने पर्समधून एक जुनी चामड्याची चपटी डबी काढली. मोजायची कापडी फीत, पिवळी पडलेली. "माप घेताना मी फितीची कडी दाराच्या खिळ्याला अडकवायचे, आणि तो डबी घेऊन भिंतीशी जायचा. फीत ताणून मुठीत धरायचा, आणि वाचायचा मात्र मुठीच्या पलीकडचा आकडा. नेहमी. किती वेळा ओरडले असेन मी त्याला. म्हणायचा, ताई, मूठ काय रस्त्यात पडलीय? तीही मोज." तिने फीत मुठीत धरून मोजणीवाल्याला दाखवली. "माणसाची मूठ चार इंच भरते. बघा."

बावीस वर्षांत या घराच्या टेबलावर त्याचा असा विषय निघाला नव्हता. थोरला खुर्चीत आक्रसून बसला.

मोजणीवाल्याचा चेहरा मात्र खुलला. "अहो, मग सोपंच आहे! त्यांना फोन करून विचारू. त्यांनी लेखी दिलं की झालं."

"आमचा धाकटा," थोरला म्हणाला. "तो नाही. गेला."

"माफ करा," तो बिचारा म्हणाला आणि यंत्राची पेटी उगाच उघडून बंद करू लागला.

आई उठली. "मी जरा जागा बघून येते. माझ्यामागे कुणी येऊ नका."

ही तिची रीतच होती. प्रत्येक दुकान उघडायच्या आदल्या दिवशी ती एकटी मागच्या खोलीपाशी जायची. पाचेक मिनिटांनी परत आली की चेहरा उजळलेला असायचा, मग जिथे म्हणाल तिथे सही. घरात त्याला 'आईची पाहणी' म्हणत. थोरला तर नोकरांना कौतुकाने सांगायचा, आमची आई सामानाच्या खोलीवरून दुकान ओळखते.

या वेळी पहिल्यांदाच तिच्यामागे कुणीतरी गेलं, मधली.

मागच्या बोळात ताज्या रंगाचा वास होता. एका बाजूला दुधाच्या रिकाम्या खोक्यांची उतरंड, दुसऱ्या बाजूला हात धुवायचं भांडं, आणि टोकाला खोलीचं पांढरं दार. आई दाराच्या मुठीवर हात ठेवून उभी होती. पावलं ऐकून तिने मान वळवली.

"तुला येऊ नको म्हटलं होतं."

"तू इथे काय करतेस, आई?"

"जागा बघते."

"दार तर लावलेलं आहे."

आईला खोटं बोलायचं होतं. तोंडावर आलंही होतं. पण बावीस वर्षं एकटीने सांभाळलेली गोष्ट, आणि समोर पोटची पोर. शिवाय आज तिला कुणाशी तरी बोलावंसं वाटत होतं, मनात मावेना एवढं ते भरून आलं होतं.

"तो असतो आत," ती म्हणाली.

मधलीने भिंतीला हात टेकला.

"दुसरं दुकान उघडलं ना आपण, त्याच्या आदल्या दिवशी मी अशीच दारापाशी उभी राहिले. रडू येत होतं. तू त्याला विचारायचीस तसं मी उगाच विचारलं, किती रे? तर आतून म्हणाला, नऊ फूट चार." आईचे डोळे चमकत होते. "त्याचाच आवाज. आई आहे मी, मला नाही कळणार? दार उघडलं तर कुणी नाही. दुसऱ्या दिवशी परत विचारलं, काही नाही. महिनाभर जात होते. एका दुकानात एकदाच बोलतो तो. मग नवं दुकान लागतं."

"म्हणून दुकानं..."

"म्हणून."

"आणि पहिल्या दुकानात?"

"तिथे कधीच नाही. तिथे त्याची जागाच नाही, नऊच फूट आहे ना." हे तिने अगदी साधेपणाने सांगितलं. "आपल्याकडची गावं संपली. मी काय करणार? थोरल्याला म्हटलं, बाहेर बघ."

बोलायचं तर आत्ताच, नाहीतर आपण कधी बोलणार नाही, हे मधलीला कळत होतं.

"आई, तो गेला त्या दिवशी मी काय केलं माहीत आहे तुला?"

"माहीत आहे. मी काउंटरला होते."

"दार लोटून घे म्हणाले त्याला. आतल्या कॉफी भाजायच्या भट्टीचा धूर बाहेर येत होता, गिऱ्हाईकं खोकत होती. म्हटलं, फीत ताणून धर, मी सांगेपर्यंत सोडू नको. आणि तेवढ्यात नव्या जागेच्या मालकाचा फोन आला. चाळीस मिनिटं बोलले मी. हसत होते फोनवर, आई." ती आता रडत होती. "परत आले आणि दाराबाहेरून विचारलं, किती? तो म्हणाला, नऊ फूट चार. मी लिहून घेतलं. मग दार उघडलं. फीत मुठीत तशीच होती त्याच्या. डॉक्टर म्हणाले, धुराने गुदमरला, अर्धा तास तरी झाला असेल जाऊन. मी कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार, की तो त्यानंतर बोलला?"

"मी तुला कधी एका शब्दाने बोलले?"

"नाही. बोलली असतीस तर बरं झालं असतं गं."

"तू त्याला धरायला सांगितलंस म्हणून तर तो आहे," आई म्हणाली. तिने लेकीच्या गालावरून हात फिरवला. "मी पण दर वेळी तेच सांगते. आकडा सांगितला की म्हणते, शहाणा माझा बाळ, धरून ठेव हं. सोडू नकोस."

वाफ सोडायचं थांबून कॉफीचं यंत्र गप्प झालं होतं. पुढून थोरल्याची हाक आली, "आई, अगं त्यांच्या साहेबांचा फोन आहे. तुझ्याशीच बोलायचंय म्हणतात. दोन मिनिटं ये!"

"आले," आई म्हणाली, आणि मधलीला बजावलं, "तू विचारू नकोस हं. एकदाच बोलतो. माझं आहे ते."

ती पुढे गेली.

मधली दारापाशी एकटी राहिली. ही धरून एकेचाळीस खोल्या, ती मनात म्हणाली. एकेचाळीस दारांमागे तो फीत ताणून उभा आहे. आपण त्याला सोडू नको म्हणून सांगितलं आणि सोड म्हणायला विसरलो. आई तर दर वेळी जाऊन त्याला नव्याने धरायला लावते. आता अकरा देश, दोनशे खोल्या. त्याचे हात किती दुखत असतील!

आईचं आहे ते, हे खरंच होतं. आईकडे दुसरं होतं तरी काय? इथे आता आपण काही बोललो, तर ती आपलं तोंड पाहील की नाही कुणास ठाऊक. मधलीला भीती वाटत होती, आतल्या माणसाची नाही, बाहेरच्या आईची.

तिने दार किलकिलं केलं. आत रिकामी मांडणी, कोरी भिंत. तिने फितीची कडी दाराच्या कडीकोयंड्यात अडकवली, डबी जमिनीवरून आत सरकवून दिली आणि दार लोटून घेतलं. दाराच्या फटीतून फीत आत गेली होती, सैल, जमिनीवर लोळत.

ती वाट बघत राहिली.

फीत हलली. मग हळूहळू जमिनीपासून उचलली गेली आणि ताणली. एवढी ताणली की कडी कोयंड्यावर वाजली. लहानपणापासून तो अशीच ताणायचा, जरा जास्तच.

"किती?" तिने विचारलं. आवाज फुटेना म्हणून पुन्हा विचारलं, "किती रे?"

"नऊ फूट चार, ताई."

तेवीस वर्षांच्या मुलाचा आवाज होता. जरा कंटाळलेला. ती आता अठ्ठेचाळिशीची होती.

"झालं माझं लिहून," मधली म्हणाली. "खूप उशीर केला मी. चुकले. सोड आता."

आतून शब्द आला नाही. फक्त फीत सैल झाली आणि तिच्या पायाशी पडली.

थोरल्याने फोन ठेवला आणि पाहिलं तर बहीण बोळातून येत होती, हातात ती फीत, गुंडाळलेली. चेहरा धुतल्यासारखा पांढरा. आई बोळाकडे निघालीच होती. दोघी मधोमध समोरासमोर आल्या, आणि आईने फितीकडे पाहिलं.

"विचारलंस."

"हो."

"कुणाला विचारून?" आईचा आवाज एवढा लहान झाला होता की थोरला घाबरून उठला. "माझं होतं ते. मी सांगितलं होतं तुला."

"आई, काय चाललंय? कुणाला काय विचारलं?"

मोजणीवाला आपलं यंत्र घेऊन हळूच बोळात सटकला. घरच्या भांडणात उभं राहण्यापेक्षा काम बरं. 

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"नऊ फूट चार."

"मग?"

"मग मी म्हटलं, सोड."

आई खुर्चीत बसली. वहिनीने धावत पाणी आणलं, ते तिने बाजूला सारलं.

"मग?" तिने पुन्हा विचारलं.

"मग..." मधलीने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "मग म्हणाला, बरं."

"बरं?"

"बरं."

"मला चाळीस वेळा तोच आकडा सांगितला त्याने. मी एवढं बोलायचे, शहाणा म्हणायचे, राजा म्हणायचे. कधी वर एक शब्द नाही. आणि तुला बरं म्हणाला." आईला रडू फुटलं. लहान पोरीसारखी ती मोठ्याने रडली, आणि थोरल्याने बाबा गेल्यावरही तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. काचेबाहेर एक बाई थांबून बघू लागली. वहिनीने जाऊन पडदा ओढला.

बोळातून मोजणीवाल्याचा आवाज आला, खूश झालेला. "आता बरोबर आलं! नऊ फूट चार. मधे काही नाही."

आईने मधलीचं मनगट पकडलं. "कसं म्हणाला? म्हणून दाखव."

"आई..."

"म्हण ना गं."

"बरं," मधली म्हणाली. शेवट थोडा ओढून, तो ओढायचा तसा.

आईने डोळे मिटले. "पुन्हा म्हण."

"बरं."

"पुन्हा."

मधलीने पुन्हा म्हटलं. मग पुन्हा. आईची बोटं मनगटात रुतत चालली, आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावर ते मघाचं लाजरं हसू थोडं थोडं परत येऊ लागलं. मधलीचा हात काळानिळा पडत होता, पण ती हात काढून घेत नव्हती. म्हणत राहिली, बरं, बरं, आणि तिचा आवाज हळूहळू जाडसर होत तिचा राहीनासा झाला. वहिनी तोंडावर हात ठेवून भिंतीशी उभी होती.

थोरल्याला यातलं निम्मंही कळलं नव्हतं. पण बहिणीचं मनगट त्याला दिसत होतं. तो आईसमोर गुडघ्यांवर बसला.

"आई," तो म्हणाला, "सोड तिला."

आईने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी भेटलेल्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं. मग तिची बोटं एकेक करून सुटली. मधलीने मनगट उराशी धरलं आणि वहिनीने तिला जवळ घेतलं.

साडेचारला दहा मिनिटं होती. आईने पदराने तोंड पुसलं, टेबलावरचे कागद पुढे ओढले आणि चष्मा लावला.

"नऊ करा," ती म्हणाली. "कुठे सही करायची?"

थोरल्याने जागा दाखवली. आईने पेन टेकवलं आणि थांबली.

"तुला हवीत का रे ही दुकानं?"

थोरल्याने तोंड उघडलं. बावीस वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं.

"मला वाटलं, तुला हवीत," तो म्हणाला.

आईने पेनला टोपण लावलं आणि ते त्याच्या हातात दिलं.